नावावरचे कर्ज : पतअहवालाची तपासणी व ओळखचोरीपासून बचाव

पावसाळा तोंडावर आला की वसई तालुक्यातील शेतकऱ्याच्या हिशेबाला वेग येतो. पूर्वेस पारोळ, भाताणे, शिरवली या भागांतील भातशेतीसाठी बी-बियाणे व खते यांची तजवीज करावी लागते. पश्चिम पट्ट्यातील आगाशी, निर्मळ, नंदाखाल, भुईगाव येथील वाड्यांत पानवेलीचे मांडव, केळीची नवी लागण, फुलझाडे व भाजीपाला यांचा खर्च उभा राहतो. बावखलावरील पंपही याच दिवसांत दुरुस्तीस काढावा लागतो. त्यासाठी शेतकरी कर्जाचा अर्ज करतो आणि सातबारा, आठ-अ, बेबाकी दाखला असे कागद गोळा करून बँकेत जातो.

हे सर्व कागद त्याच्या परिचयाचे असतात. तथापि आणखी एक कागद असा आहे की, जो बहुतेक शेतकऱ्यांनी कधी पाहिलेला नसतो, परंतु कर्ज देणारा अधिकारी मात्र तो आवर्जून पाहतो. तो कागद म्हणजे पतअहवाल. या अहवालात शेतकऱ्याने न घेतलेले कर्ज त्याच्या नावावर चढलेले असले, तर ते त्यास बँकेच्या खिडकीशीच प्रथम कळते. त्या वेळी पेरणी दाराशी आलेली असते आणि दुरुस्तीस अवधी उरत नाही. म्हणून हा अहवाल काय आहे, तो कसा तपासावा व आपल्या नावाचा दुरुपयोग कसा टाळावा, याची माहिती प्रत्येक शेतकरी कुटुंबास असणे अगत्याचे आहे.

सावकाराची वही आणि आजची वही

कर्जाची नोंद दुसऱ्याच्या वहीत असावी व ऋणकोला ती वाचता येऊ नये, हे दुःख महाराष्ट्रातील शेतकऱ्यास नवे नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला. त्यांचा रोख मुख्यतः कर्जरोख्यांवर होता; ठिकठिकाणी रोखे हिसकावून जाळण्यात आले. ज्या कागदावर अंगठा उठविला त्यात काय लिहिले आहे, हेच अनेकांना ठाऊक नसे. या दंग्यांच्या चौकशीनंतर १८७९ मध्ये दख्खन कृषक साहाय्य कायदा करण्यात आला. पुढे १९०४ च्या कायद्याने सहकारी पतसंस्थांचा पाया घातला गेला. वसईत पापडी येथे १९१८ मध्ये निघालेली पतसंस्था आज बसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक म्हणून ओळखली जाते. सभासदाचे खाते सभासदास पाहावयास मिळावे, हे सहकाराचे एक मोठे देणे होय.

आज ही वही संगणकात गेली आहे. पतमाहिती कंपन्या (नियमन) अधिनियम, २००५ या कायद्यानुसार भारतात चार पतमाहिती कंपन्या काम करतात. ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क ही त्यांची नावे. यांपैकी सिबिल ही सर्वांत जुनी असल्याने लोक सर्वच पतअहवालांस ‘सिबिल’ म्हणू लागले आहेत. बँका व वित्तसंस्था आपल्या कर्जदारांची माहिती या चारही कंपन्यांस पुरवितात. पूर्वी ही माहिती महिन्याकाठी जात असे. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार १ जानेवारी २०२५ पासून ती निदान पंधरवड्यास पाठविणे बंधनकारक झाले.

जुन्या आणि नव्या वहीत एक महत्त्वाचा फरक आहे. सावकाराची वही मागण्याचे धैर्य शेतकऱ्यास नव्हते. नवी वही पाहण्याचा मात्र त्यास हक्क आहे. जानेवारी २०१७ पासून प्रत्येक कंपनीने प्रत्येक व्यक्तीस वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य द्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. हा हक्क वापरला नाही, तर तो असून नसल्यासारखाच होय.

अहवालात काय असते

अहवालाच्या आरंभी नाव, जन्मतारीख, पत्ता, मोबाईल क्रमांक व पॅन क्रमांक दिलेले असतात. त्यानंतर प्रत्येक कर्जाचे स्वतंत्र कोष्टक असते. कर्ज कोणी दिले, केव्हा दिले, किती दिले, शिल्लक किती आणि हप्ता किती दिवस थकला, हे त्यावरून कळते. खाते चालू आहे, बंद आहे, तडजोडीने मिटविले आहे की बुडीत म्हणून निर्लेखित केले आहे, याचीही नोंद असते. शेवटी कोणकोणत्या संस्थांनी हा अहवाल मागविला, त्यांची यादी येते.

या सर्वांवरून ३०० ते ९०० यांच्या दरम्यान एक गुणांक काढला जातो. गुणांक जितका अधिक तितकी पत चांगली मानली जाते. पीककर्जासाठी या गुणांकाची सक्ती करू नये, असे राज्य शासनाने मे २०२५ मध्ये राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत बँकांना बजावले. परंतु ट्रॅक्टर, हरितगृह, टेम्पो, घरबांधणी किंवा मुलांचे शिक्षण यांसाठी कर्ज काढताना अहवाल पाहिला जातोच. याखेरीज, जामीनदार म्हणून केलेली सहीदेखील अहवालात येते. ऋणकोने हप्ते थकविले तर जामीनदाराच्या पतीलाही बाध येतो, हे अनेकांच्या ध्यानात नसते.

कर्जमाफीचा लाभ घेतलेल्या शेतकऱ्यांनी एक गोष्ट विशेषत्वाने पाहावी. २०१७ ची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना किंवा २०१९ ची महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना यांखाली मिटलेले खाते अहवालात अद्याप थकीत दिसत असेल, तर बेबाकी दाखला जोडून दुरुस्ती मागावी. गावच्या सेवा सोसायटीचे खाते अहवालात आढळेलच असे नाही. म्हणून सोसायटीचा खातेउतारा स्वतंत्रपणे पाहावा.

नावाची चोरी कशी होते

दुसऱ्याचे नाव, कागद, ठसा किंवा मोबाईल क्रमांक वापरून त्याच्या नावे कर्ज उचलणे किंवा त्याच्या खात्यातील रक्कम काढणे, यास ओळखचोरी म्हणतात. शेतकऱ्यांच्या बाबतीत ती पुढील मार्गांनी होताना आढळते.

पहिला मार्ग कागदांच्या प्रतींचा. आधार, पॅन व सातबारा यांच्या प्रती एका कामासाठी दिल्या जातात आणि दुसऱ्याच कामासाठी वापरल्या जातात. परभणी जिल्ह्यातील गंगाखेड येथे २०१७ मध्ये एका साखर कारखान्याविरुद्ध गुन्हा नोंदविण्यात आला. शेतकऱ्यांच्या कागदपत्रांच्या आधारे त्यांच्या नकळत त्यांच्या नावे बँकांतून कर्जे उचलली गेली, असा आरोप होता. न घेतलेल्या कर्जाच्या नोटिसा हाती पडल्या, तेव्हा शेतकऱ्यांना त्याचा पत्ता लागला. डिसेंबर २०२० मध्ये अंमलबजावणी संचालनालयाने या प्रकरणी सुमारे २५५ कोटी रुपयांची मालमत्ता टाचेत घेतली. अशा नोटिशीची वाट न पाहता वर्षातून एकदा जरी अहवाल पाहिला, तरी आपल्या नावावरील अनोळखी खाते पुष्कळ आधी नजरेस पडू शकते.

दुसरा मार्ग बोटाच्या ठशाचा. आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि बोटाचा ठसा एवढ्यावर गावच्या बँक प्रतिनिधीकडून पैसे काढता येतात. तेथे ओटीपी लागत नाही. नोंदणीकृत खरेदीखतांवरील ठशांच्या प्रती मिळवून, त्यांचे रबरी नमुने बनवून खात्यांतून पैसे काढल्याचे प्रकार देशाच्या काही राज्यांत पोलिसांनी उघडकीस आणले आहेत. जमिनीचे व्यवहार ज्या तालुक्यात सतत चालतात, तेथील शेतकऱ्याने हा धोका ओळखावा.

तिसरा मार्ग मोबाईलचा. पी. एम. किसान योजनेची यादी, पीकविम्याची रक्कम किंवा शेतकरी ओळख क्रमांक यांचे नाव सांगून व्हॉट्सॲपवर एखादी फाईल पाठविली जाते. ती उघडताच मोबाईलमध्ये एक चोर ॲप बसते आणि येणारे ओटीपी परभारे वाचते. शासनाची कोणतीही योजना अशा फाईलद्वारे राबविली जात नाही, हे पक्के ध्यानात ठेवावे.

चौथा मार्ग सोडून दिलेल्या सिमकार्डाचा. जुना क्रमांक बंद पडल्यावर तो काही काळाने दुसऱ्या ग्राहकास दिला जातो. तोच क्रमांक बँकेत किंवा आधारला जोडलेला राहिला असेल, तर आपले संदेश परक्याच्या हाती पडतात.

नामसाधर्म्य : वसईतील विशेष अडचण

अहवालात दिसणारी प्रत्येक चूक चोरीच असते असे नाही. वसईच्या गावांत पाटील, राऊत, म्हात्रे, नाईक, लोपीस, डिसोजा, परेरा ही आडनावे घरोघर आढळतात. एकाच गावात नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव तिन्ही सारखे असलेल्या दोन व्यक्ती असणेही दुर्मीळ नाही. त्यात इंग्रजी लेखनाचा गोंधळ भर घालतो. एकाच घराण्याचे नाव आधारवर गोन्साल्विस, पॅनवर घोन्साल्विस आणि सातबाऱ्यावर तिसऱ्याच प्रकारे लिहिलेले असते. जुन्या कागदांत गावाचे नाव वसई असते, तर इंग्रजी कागदांत बसीन.

आणखी एक बाब सहसा लक्षात येत नाही. ज्यांना जन्मतारीख ठाऊक नव्हती, अशा अनेक वृद्धांच्या आधारवर वर्षाचा अंदाज घेऊन १ जानेवारी ही तारीख लिहिली गेली आहे. समजा, पूर्व पट्ट्यातील एका पाड्यावर एकाच नावाचे दोन वयस्क शेतकरी आहेत आणि दोघांचीही जन्मतारीख १ जानेवारी अशीच आहे. एकाचे थकीत कर्ज दुसऱ्याच्या अहवालात मिसळण्यास एवढे कारण पुरेसे आहे. यात गुन्हेगार कोणी नाही. परंतु निर्दोष माणसाचा अर्ज मात्र अडतो. म्हणून आधार, पॅन, बँकेचे पुस्तक व शेतकरी ओळख क्रमांक यांवरील नाव आणि जन्मतारीख एकसारखी करून घेणे, हा पहिला व स्वस्त उपाय होय.

लक्षणे

पिकावरील रोग पानावरील पहिल्या ठिपक्यावरून ओळखावा लागतो. ओळखचोरीचेही तसेच आहे. पुढीलपैकी एकही लक्षण दिसल्यास चालढकल करू नये.

१. न मागितलेल्या कर्जाच्या मंजुरीचा किंवा हप्त्याचा संदेश येणे.
२. अर्ज केला नसताना, कोणा संस्थेने आपला पतअहवाल पाहिल्याची सूचना येणे. अशी सूचना एसएमएस किंवा ई-मेलने पाठविणे एप्रिल २०२४ पासून पतमाहिती कंपन्यांस बंधनकारक झाले.
३. खात्यातून लहानशी रक्कम कमी होणे. चोर पुष्कळदा प्रथम थोडी रक्कम काढून पाहतो.
४. भर दिवसा मोबाईलचा संपर्क अकस्मात तुटणे व बराच वेळ न परतणे. दुसऱ्याने त्याच क्रमांकाचे नवे सिमकार्ड मिळविले असण्याचा संभव असतो.
५. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या सदरात अनोळखी बोजा दिसणे.

पाचव्या लक्षणाकडे वसईच्या शेतकऱ्याने अधिक लक्ष द्यावे. महानगरपालिकेच्या हद्दीत व तिच्या कडेला जमिनीचे मोल फार वाढले आहे. नालासोपारा येथील ४१ अनधिकृत इमारती २०२५ च्या आरंभापर्यंत उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार पाडण्यात आल्या. राखीव जागेवर बनावट कागदपत्रांच्या आधारे त्या उभ्या केल्याचे तपासात पुढे आले. जेथे असे कागद बनू शकतात, तेथे तोतया मालकही उभा करता येतो. फेरफाराची नोटीस निघाल्यावर हरकत घेण्यास पंधरा दिवसांची मुदत असते. ही नोटीस चावडीवर लागते आणि महसूल विभागाच्या ‘आपली चावडी’ या संकेतस्थळावरही पाहावयास मिळते.

प्रतिबंधक उपाय

अमेरिकेत या संकटावर एक सोपी तोड आहे. तेथे २०१७ मध्ये इक्विफॅक्स या पतमाहिती कंपनीच्या संगणकातून सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती चोरीस गेली. त्यानंतर सप्टेंबर २०१८ पासून प्रत्येक नागरिकास आपला पतअहवाल विनामूल्य ‘गोठविण्याचा’ हक्क कायद्याने मिळाला. गोठविलेला अहवाल नव्या धनकोस पाहता येत नाही. साहजिकच चोराने केलेला अर्ज तेथेच अडतो. स्वतःस कर्ज हवे असेल तेव्हा मालक कुलूप काढतो व काम झाले की पुन्हा लावतो.

भारताच्या २००५ च्या कायद्यात अशा गोठवणुकीची तरतूद नाही. एक मोठे कुलूप नसेल, तर वाडीच्या कुंपणाप्रमाणे जेथे जेथे वाट आहे तेथे तेथे काटे घालावे लागतात. ते पुढीलप्रमाणे घालावेत.

१. अहवाल पाळीपाळीने मागवावा. चार कंपन्या आहेत व प्रत्येकीकडून वर्षास एक अहवाल विनामूल्य मिळतो. तो एकाच वेळी न मागविता एक जूनच्या आरंभी, दुसरा सप्टेंबरात, तिसरा नाताळच्या सुमारास व चौथा मार्चअखेर मागवावा. म्हणजे खर्च न करता वर्षभर राखण होते. अहवाल कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्यावा. हे काम अनोळखी केंद्रावर न करता घरातील शिकलेल्या मुलामुलींकडून करवून घ्यावे.

२. ठशास कुलूप लावावे. आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून किंवा ॲपवरून बोटांचे ठसे व डोळ्यांची खूण विनामूल्य कुलूपबंद करता येते. मात्र रेशन दुकानात ठसा द्यावयाचा असेल किंवा ठसा देऊन ई-केवायसी करावयाची असेल, तेव्हा ते तात्पुरते उघडावे लागते. हे ठाऊक नसल्यास दुकानातून रिकाम्या हाती परतण्याची पाळी येईल.

३. आधारची झाकलेली प्रत द्यावी. जेथे चालत असेल तेथे, केवळ शेवटचे चार अंक दिसणारी प्रत वापरावी. प्रत्येक छायाप्रतीवर सहीसोबत तारीख, ज्यास दिली त्याचे नाव व कारण लिहावे. उदाहरणार्थ, ‘केवळ ठिबक सिंचन अनुदानासाठी’. हे लिखाण कोऱ्या जागेत नव्हे, तर मजकुरावरून जाईल असे तिरपे लिहावे.

४. आपल्या नावे किती सिमकार्डे आहेत ते पाहावे. केंद्राच्या दूरसंचार विभागाने २०२३ मध्ये सुरू केलेल्या ‘संचार साथी’ या संकेतस्थळावर ही यादी मिळते. अनोळखी क्रमांक आढळल्यास तेथेच तक्रार करता येते. क्रमांक बदलल्यास बँक व आधार येथील नोंद त्याच आठवड्यात बदलावी.

५. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नये. कुलमुखत्यारपत्र देताना ते कोणत्या कामापुरते व किती मुदतीचे आहे, हे स्पष्ट लिहून घ्यावे.

६. पैसे घेऊन गुणांक वाढवून देतो, असे म्हणणाऱ्यापासून दूर राहावे. खरी नोंद पैशाने पुसता येत नाही आणि खोट्या नोंदीची तक्रार करण्यास पैसे लागत नाहीत.

चोरी उघडकीस आल्यास

येथे वेळेचे मोल फार आहे. खात्यातून रक्कम गेली असल्यास प्रथम १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर दूरध्वनी करावा व लगेच बँकेस कळवावे. बँकेची किंवा ग्राहकाची चूक नसून तिसऱ्याने रक्कम लांबविली असेल आणि ग्राहकाने बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळविले असेल, तर त्याच्यावर नुकसानीचा भार पडत नाही. २०१७ मधील रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांत ही तरतूद केलेली आहे. ग्राहकाने स्वतःच ओटीपी सांगितला असेल, तर तो बँकेस कळवीपर्यंत झालेले नुकसान त्यालाच सोसावे लागते. म्हणून लाजेपोटी गप्प बसणे सर्वांत महाग पडते.

नावावर खोटे कर्ज आढळल्यास पुढील क्रमाने चालावे. मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीतील नजीकच्या ठाण्यात तक्रार देऊन तिची प्रत घ्यावी. ज्या संस्थेने कर्ज दिले असे दिसते, तिला लेखी पत्र द्यावे. त्यात मूळ अर्ज, अर्जदाराचे छायाचित्र, जोडलेले कागद आणि कर्जाची रक्कम कोणत्या खात्यात जमा झाली याचा तपशील मागावा. हा शेवटचा तपशील सर्वांत निर्णायक असतो. रक्कम ज्याच्या खात्यात गेली, तेथपासून तपासाचा धागा सुरू होतो. त्याच वेळी पतमाहिती कंपनीकडे त्या नोंदीविरुद्ध तक्रार नोंदवावी.

तक्रार तीस दिवसांत निकालात निघाली नाही, तर पुढील प्रत्येक दिवसास १०० रुपये याप्रमाणे भरपाई तक्रारदारास मिळावी, असा रिझर्व्ह बँकेचा ऑक्टोबर २०२३ चा आदेश आहे. तरीही दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. सप्टेंबर २०२२ पासून पतमाहिती कंपन्याही या लोकपालाच्या कक्षेत आल्या आहेत.

या काळात वसुलीसाठी कोणी दारी आले, तरी खोट्या कर्जाचा एकही हप्ता भरू नये किंवा तडजोडीच्या कागदावर सही करू नये. ‘थोडे भरून मिटवून टाका’ हा सल्ला सोयीचा वाटला, तरी भरलेला हप्ता कर्ज मान्य केल्याचा पुरावा म्हणून पुढे येऊ शकतो. आलेल्या माणसास तक्रारीची प्रत दाखवावी व त्याचे म्हणणे लेखी मागावे.

समारोप

वसईचा शेतकरी वाडीच्या बांधावरून रोज एक फेरी मारतो. कुंपण कोठे वाकले, बावखलाचे पाणी किती उतरले, पानवेलीवर रोगाचा ठिपका आहे की काय, हे तो कोणी न सांगता पाहतो. तीच सवय आपल्या नावाच्या बाबतीत लावून घ्यावयाची आहे. सातबारा काढतेवेळी पतअहवालही काढावा, दोन्ही वाचावेत व त्यांच्या प्रती एकत्र जपून ठेवाव्यात. वाचता न येणाऱ्या वडीलधाऱ्या मंडळींचे अहवाल घरातील तरुणांनी त्यांच्यासमोर मोठ्याने वाचून दाखवावेत. नावावरचे कर्ज खरे की खोटे, हे सर्वांत आधी ज्याचे नाव त्यासच ओळखता येते. आणि वाचल्यावाचून ते ओळखण्याचा दुसरा मार्ग नाही.